हिब्रूची पोच

काकांनी आयुष्यातली तेहतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेला कागद नोंदवायचा, त्यावर शिक्का मारायचा, ज्याचा त्याच्याकडे धाडायचा आणि पोच घ्यायची. इमारतीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'आवक-जावक काका' म्हणत आणि काकांना त्याचा अभिमानच वाटे. तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता, की टेबलावर रेंगाळला नव्हता. असा माणूस निवृत्तीनंतर एकच कागद दाबून ठेवतो, आणि तोही स्वतःच्या बायकोचा, ही गोष्ट सांगायला काही बरी नाही. पण हल्ली काका स्वतःच ती कुणालाही धरून सांगतात, तेव्हा आपणही सांगायला हरकत नसावी.

सुरुवात झाली ती घरातल्या आवक-जावकीने. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात काकांनी दाराजवळ एक वही टांगली. दूधवाला किती वाजता आला, वर्तमानपत्र किती उशिरा आलं, काकूंची बहीण किती वाजता आली आणि किती वाजता (फारच उशिरा) गेली, याच्या नोंदी त्यात होऊ लागल्या. मग त्यांनी स्वयंपाकघरातले डबे आवक-क्रमांकानुसार लावले. त्या दिवशी काकूंना साखर सापडायला पाऊण तास लागला.

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही रोज दोन तास कुठेतरी जात जा."

"कुठे?"

"कुठेही. मी नोंद ठेवणार नाही."

शेजारच्या घरात औषधवाले राहत. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाला गोळीबरोबर सल्ला द्यायची त्यांना सवय होती. गोळी संपली असली तर नुसता सल्ला. ते म्हणाले, "काका, नवी भाषा शिका. मेंदूला गंज चढत नाही. माझ्याकडे मेंदूच्या गोळ्या आहेत, पण तुम्ही घरचे म्हणून सांगतो, त्यांनी काही होत नाही. माझा साडू वयाच्या साठाव्या वर्षी जपानी शिकला."

"मग आता बोलतो का?"

"कुणाशी बोलणार? पण गंज नाही."

गंज नसलेला साडू काकांच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजच्या खिडकीशी उभे होते. खिडकीच्या आत एक क्लार्क होता. टेबलावर कागदांचे ढीग आणि ढिगांमागे बिचारा तो. काकांना त्याच्याकडे बघून एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. फ्रेंच भरलं होतं, जर्मन भरलं होतं, जपानीला तर औषधवाल्यांच्या साडूसारख्यांची रांगच लागली होती.

"कशाला जागा आहे?" काकांनी विचारलं.

"हिब्रूला," क्लार्क म्हणाला. "हिब्रूला जागाच जागा आहे."

हिब्रूच का, असं पुढे अनेकांनी काकांना विचारलं आणि काकांनी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. प्राचीन भाषा आहे, मृतप्राय होऊन पुन्हा बोलती झालेली जगातली विलक्षण भाषा आहे, वगैरे. खरं कारण खिडकी हे होतं. पण जागाच जागा असली तरी वर्ग उघडत नव्हता. नियम असा की आठ विद्यार्थी झाल्याशिवाय वर्ग भरायचा नाही, आणि काकांना धरून झाले होते सात. इतिहास शिकणारी पाच मुलं, एक निवृत्त नर्स आणि काका. शिकवणाऱ्या मॅडम रोज दुपारी खिडकीशी येऊन "आठवा आला का?" विचारत आणि परत जात. त्यांना तासावर पगार होता. वर्ग नाही तर तास नाही.

काका नियमाचे माणूस. आठ म्हणजे आठ. ते घरी आले आणि काकूंपुढे अर्ज ठेवून म्हणाले, "सही कर."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळायची गरजच नाही. तू नुसतं बसायचं. विणकाम आणलंस तरी चालेल. तू फक्त संख्येपुरती."

काकूंनी सही केली. लग्न ठरलं तेव्हा त्यांचं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. त्यानंतर अडतीस वर्षांनी त्या कॉलेजच्या जिन्याची पायरी चढल्या, तेव्हा कठड्यावरून हात फिरवत फिरवत चढल्या. काका पुढे होते, त्यांनी ते पाहिलं नाही. हे त्यांना नर्सबाईंनी पुष्कळ नंतर सांगितलं.

वर्ग संध्याकाळी साडेपाचला, खोली क्रमांक चौदामध्ये भरे. बाक आणि डेस्क एकमेकांना कायमचे जोडलेले होते, आणि ते जोडणाऱ्या सुताराने पोट हा अवयव हिशेबात धरला नव्हता. काका तिरके बसत. समोर विज्ञान विभागाने तात्पुरता ठेवलेला आणि मग विसरलेला एक हाडांचा सापळा होता. मॅडम फळ्यावर लिहू लागल्या की तो त्यांच्या खांद्यावरून वर्गाकडे बघे. त्या वर्गात काकांपेक्षा स्थितप्रज्ञ असा तोच एक होता.

पहिला अपघात वहीचा. काकांनी नव्या वहीला कव्हर घातलं होतं, लेबल लावलं होतं, पहिल्या पानावर अनुक्रमणिकेचे रकाने आखले होते आणि डावीकडे लाल समास मारला होता. मॅडम म्हणाल्या, "काका, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तुमची वही मागून सुरू होते."

"मागून?"

"म्हणजे पुढून. पण मागून."

काकांनी वही उलटी धरली. लेबल मलपृष्ठावर गेलं, समास नको तिथे आला आणि अनुक्रमणिका वही संपल्यावर येऊ लागली. ज्याने तेहतीस वर्षं वरच्या डाव्या कोपऱ्यात क्रमांक टाकला, त्याला हे म्हणजे घराचा दरवाजा रात्रीतून मागच्या भिंतीला गेल्यासारखं झालं.

दुसरा अपघात स्वरांचा. ही मंडळी लिहिताना बहुतेक स्वर लिहीतच नाहीत, असं मॅडमनी अगदी सहज सांगितलं. नवशिक्यांसाठी अक्षराखाली ठिपके देतात, पण पुढे तेही जातात.

"म्हणजे अर्धा मजकूर वाचणाऱ्याने पदरचा घालायचा?" काका उभे राहिले, म्हणजे डेस्कने परवानगी दिली तितके उभे राहिले. "आमच्या कचेरीत असा कागद शेरा मारून परत पाठवला असता!"

"वाचायची सवय झाली की समजतं, काका."

"पण समजल्याशिवाय सवय कशी होणार?"

मुलं हसली. सापळाही हसत होता, पण तो नेहमीच हसे. काकांना त्या भाषेत एकच गोष्ट मनापासून आवडली. पाच अक्षरं अशी होती की शब्दाच्या शेवटी आली की त्यांचा आकार बदले. "निवृत्त अक्षरं," काका म्हणाले. त्या बोलण्याला वर्गाने दाद दिली आणि काका आठवडाभर त्या दादेवर जगले.

काकू शेवटच्या बाकावर विणत बसत. सुयांचा टिकटिक आवाज येई, बाकी काही नाही. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि विचारलं, "कोण वाचेल?" मुलांनी माना खाली घातल्या. काकांनी घसा साफ केला. वाचता येत नसलं की ते घसा साफ करत. तेवढ्यात सुयांची टिकटिक थांबली आणि मागून काकूंनी शब्द वाचला. बरोबर वाचला. मॅडमनी दुसरा लिहिला. तोही वाचला.

"तुम्ही आधी शिकला होता का?" मॅडमनी विचारलं.

"छे हो," काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "विणकामाचा तक्ता असतो ना, चौकटी-चौकटीचा, त्यातली सुलट बाजूची ओळ आम्ही उजवीकडूनच वाचतो. मग उलट बाजूची डावीकडून. सगळं आयुष्य त्यातच गेलं. आणि ही अक्षरं चौकटीत छान बसतात. एकेक भरून बघितलं, बसली लक्षात."

त्यांनी पिशवीतून चौकटींचा कागद काढला. त्यावर बावीसच्या बावीस अक्षरं टाक्यांच्या हिशेबात भरलेली होती. मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. काका तिरके बसून होते, त्यांना मागे वळता आलं नाही. वळायची त्यांची फारशी इच्छाही नव्हती.

तिथून पुढे वर्गाचा नूर बदलला. मॅडमची पद्धत अशी की त्या एखाद्या वस्तूकडे बोट करून "माहीत आहे?" असं हिब्रूत विचारत. येत नसेल त्याने म्हणायचं, "आनी लो योदेआ", म्हणजे मला माहीत नाही. हे वाक्य काका फार सुंदर म्हणत. इतक्या वेळा म्हणावं लागे की त्यांचा उच्चार अगदी तिकडच्या माणसासारखा झाला होता. आणि मग मागून, सुया न थांबवता, हलक्या आवाजात यायचं, "आनी योदाअत." मला माहीत आहे. बाई बोलली की 'योदेआ'चं 'योदाअत' होतं, एवढं मात्र काका ऐकून ऐकून शिकले.

पण काकांची खरी फजिती झाली ती 'सलिखा'ने. सलिखा म्हणजे माफ करा. गर्दीत धक्का लागला तर सलिखा, उशीर झाला तर सलिखा. त्यातला ख आपल्यासारखा नाही. तो घशाच्या तळातून खरवडून काढायचा असतो. मॅडमनी सांगितलं, घरी सराव करा. काका सकाळी बाल्कनीत उभे राहून सराव करू लागले.

पहिल्या दिवशी औषधवाल्यांनी कठड्यावरून खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून मिठाच्या पाण्याने गुळण्या करण्याचा निरोप आला. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठून, आपल्या ओळखीचे एक घशाचे डॉक्टर आहेत, असं फार हळू आवाजात सांगितलं आणि काकांचा हात दाबला. काकांनी स्पष्ट सांगायला हवं होतं की मी हिब्रूतून माफी मागतोय. पण मग येतं का, असंही कुणी विचारलं असतं. म्हणून त्यांनी बाटली घेतली, गुळण्या केल्या आणि डॉक्टरचा पत्ता खिशात ठेवला. दोन आठवडे हा माणूस रोज सकाळी बाल्कनीतून सगळ्या जगाची माफी मागत होता आणि मनात एकाचीही मागत नव्हता.

"घशातून," काकू आतून म्हणत. "जिभेने नाही, घशातून."

"मला ठाऊक आहे!"

हे ते मराठीत म्हणत.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. काकू हिब्रू शिकतात आणि मॅडम त्यांना पहिला नंबर देतात, हे नर्सबाईंकडून औषधाच्या दुकानात आलं आणि तिथून पुड्यांबरोबर घरोघर गेलं. एके दिवशी काका चालत दुकानावरून जात होते. आत औषधवाले एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "फार हुशार बाई. या वयात! आणि काकांचं कौतुक करा, आठवड्यातून दोनदा सोडायला जातात, थांबतात, घेऊन येतात."

सोडायला जातात! काका तसेच पुढे गेले आणि चौकात बराच वेळ उभे राहिले. हिब्रू काकांनी आणलं होतं. खिडकीशी काका उभे राहिले होते. वर्ग उघडला तो काकांमुळे. आणि आता काका कोण, तर सोडायला जाणारे. संख्येपुरती कोण होती आणि कोण झालं, या विचाराने त्यांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

परीक्षा जवळ आली. कागदपत्रांचा अनुभव दांडगा म्हणून मॅडमनी काकांना वर्गप्रतिनिधी केलं आणि आठही अर्ज गोळा करून खिडकीत देण्याचं काम सोपवलं. काका पुन्हा उजळले. त्यांनी अर्ज तपासले, फोटो सरळ चिकटवले, सह्या फोटोवरून आडव्या गेल्या आहेत की नाहीत ते पाहिलं. काकू चांगली साडी नेसून फोटो काढायला गेल्या होत्या. परीक्षेचा अर्ज त्यांनी अडतीस वर्षांनी भरला होता, आणि भरताना प्रत्येक रकाना आधी पेन्सिलीने भरून मग शाईने गिरवला होता.

नववा रकाना होता, 'भाषा शिकण्याचे प्रयोजन.' मुलांनी 'संशोधन' लिहिलं होतं. नर्सबाईंनी 'ज्ञानवृद्धी'. काकांनी 'प्रशासकीय अनुभवाचा विस्तार' असं लिहिलं होतं, त्याचा अर्थ त्यांनाही नीट सांगता आला नसता. काकूंनी लिहिलं होतं, 'आवडतं म्हणून.'

काकांनी पेन्सिलीने बाजूला एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. 'आवडतं म्हणून' हे काय प्रयोजन झालं? अर्जावर असं लिहितात का? कचेरीच्या रीतीप्रमाणे हा अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी अर्जदाराकडे परत जायला हवा होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. संध्याकाळी सांगू, ती दुरुस्त करेल, उद्या देऊन टाकू. यात पाप काहीच नव्हतं. संध्याकाळी औषधवाले आले. त्यांना दुकानाच्या पाटीवर आपलं नाव हिब्रूत घालायचं होतं. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. ते थेट काकूंपाशी जाऊन बसले आणि काकांना म्हणाले, "काका, तेवढा पंखा लावता का?"

काकांनी पंखा लावला आणि अर्जाचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सात अर्ज खिडकीत दिले. शेवटच्या तारखेला अजून चार दिवस होते. आठवा अर्ज कपाटातल्या एका फायलीत होता. फायलीवर काकांनी सुवाच्य अक्षरात 'प्रलंबित' असं लिहिलं होतं. चारही दिवस त्यांनी रोज ते कपाट उघडलं, फायलीकडे पाहिलं आणि कपाट बंद केलं. विसरले असं त्यांना म्हणता येणार नाही. चौथ्या दिवशी पाच वाजता खिडकी बंद होताना ते कॉलेजच्या रस्त्यावरच होते, पिशवीत भाजी होती आणि पाय पुढे पडत नव्हते. ते अजून सांगतात की मी दाबणार नव्हतो, मला फक्त तिने एकदा माझ्याकडे येऊन 'अहो, माझ्या अर्जाचं काय झालं?' असं विचारायला हवं होतं. काकूंनी विचारलं नाही. नवऱ्याच्या हाती दिलेल्या कागदाची चौकशी करायची असते, हे त्यांना अडतीस वर्षांत कधी शिकावंच लागलं नव्हतं.

परीक्षेची ओळखपत्रं परीक्षेच्याच दिवशी वर्गात मिळायची होती. काकू सकाळी लवकर तयार झाल्या. नवीन पेन, जुन्या पेनाची नवी कांडी, लिहिताना कागदाखाली धरायचा पाट. पाट त्यांनी छातीशी धरला होता, शाळेतल्या मुली धरतात तसा. कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला होता. हिब्रूच्या परीक्षेला आठ अर्ज न आल्यामुळे परीक्षा रद्द करण्यात येत आहे आणि पुढच्या वर्षीचा वर्ग उघडण्यात येणार नाही.

नियम परीक्षेलाही आठचाच होता. काकांना हा नियम माहीत नव्हता. आयुष्यात त्यांना माहीत नसलेला हा पहिला नियम.

मॅडम पळतच खिडकीशी गेल्या, मागे सगळे. क्लार्क म्हणाला, "सातच आले होते."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. आणि काका म्हणाले, "मी आठ दिले होते."

क्लार्कचा चेहरा पडला. त्याने ढीग उपसले, कपाटं उघडली, शेवटी गुडघ्यावर बसून टेबलाखाली हात घातला. तिथे त्याला कुणाचा तरी दोन वर्षांपूर्वीचा अर्ज सापडला आणि तो आणखीच घाबरला. टेबलाखाली शिरलेल्या त्या माणसाकडे काका खिडकीच्या काचेतून बघत राहिले. आपल्या जातीचा माणूस, आवक-जावकवाला, आणि त्याच्यावर आपण बालंट आणलं. एक शब्द बोलले असते तर तो उठून बसला असता. पण समोर वर्ग होता, मॅडम होत्या आणि काकू होत्या.

"राहू द्या हो," काकू क्लार्कला म्हणाल्या. "गुडघे दुखतील. कागद राहतो कधी कधी."

त्यांनी नवं पेन पाकिटात घातलं. घरी जाताना, पाट मी धरू का, असं काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, जड नाहीये.

पुढचं थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. क्लार्कला लेखी ताकीद मिळाली आणि त्याची बदली जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत झाली. मॅडमचे तास गेले. खोली चौदामध्ये टंकलेखनाचा वर्ग सुरू झाला. काका दोनदा खरं सांगायला म्हणून कॉलेजात गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. दाराजवळची वही त्यांनी आपणहून काढून टाकली. काकूंनी कारण विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा काकूंनी काकांसाठी स्वेटर विणायला घेतला. राखाडी रंगाचा, खाली निळी किनार. दर चार-पाच वर्षांनी त्या एक विणत, त्यात नवल नव्हतं. काकांनी तो अंगात घालून दाखवला तेव्हा काकू म्हणाल्या, "पाठीमागे किनारीत थोडी नक्षी टाकलीय." काका आरशासमोर मान वळवून वळवून बघायला गेले आणि मान अवघडली. काहीतरी रेघा दिसल्या. "छान आहे," ते म्हणाले आणि खरंच त्यांना बरं वाटलं. बायको आपल्यावर रागावलेली नाही याचा हा लोकरी पुरावाच होता. चार महिने तो स्वेटर काकांनी अंगातून काढला नाही. बँकेत, फिरायला, औषधांच्या दुकानात, सेक्रेटरींच्या सभेत, सगळीकडे काका पाठीवर ती नक्षी घेऊन हिंडले.

थंडी सरत आली होती. एका दुपारी काका टपाल कचेरीच्या रांगेत उभे होते. मागून कुणीतरी "अय्या" म्हणालं. वळून बघतात तर मॅडम.

"काकूंनी विणलाय ना?" मॅडमनी विचारलं. "अक्षरं किती सुंदर आलीत."

"अक्षरं?"

मॅडमनी पुन्हा किनारीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही वाचलं नाहीत?"

"काय आहे ते?"

"काका, तुम्ही माझे विद्यार्थी आहात. दोनच शब्द आहेत." त्या हसल्या, पण पूर्ण हसल्या नाहीत. सध्या काय करता, असं काकांनी विचारलं. एका शाळेच्या ऑफिसात हजेरीपत्रकं भरते, असं त्या म्हणाल्या. काका रांगेतून बाहेर पडले. पत्र न टाकताच ते घरी आले.

काकू खिडकीपाशी विणत बसल्या होत्या. काकांनी स्वेटर काढला, पाठ वर करून टेबलावर पसरला आणि माळ्यावरून पाठ्यपुस्तक काढलं. चष्मा लावला. उजवीकडून सुरुवात केली. तीन अक्षरं, मग मोकळी जागा, मग पाच अक्षरं. पहिला शब्द लवकर लागला. आनी. मी. दुसऱ्याला वेळ लागला. खाली ठिपके नव्हते, स्वर पदरचे घालायचे होते. काका बोटाने एकेक अक्षर पुस्तकाशी ताडून बघत होते. तिसरं अक्षर लागलं, चौथं लागलं, आणि मग पुढे पुस्तक बघायची गरज राहिली नाही. तो आवाज त्यांच्या कानात होता. शेवटच्या बाकावरून, सुया न थांबवता यायचा तो.

मला माहीत आहे.

काका खुर्चीत बसून राहिले. त्यांना बँकेतली रांग आठवली, फिरायला जातानाचा रस्ता आठवला, आणि कॉलेजच्या नळावर आपण वाकून पाणी प्यायलो तेही आठवलं. लाज इतकी वाटली की डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, कपाटातून 'प्रलंबित' फाईल काढली आणि काकूंसमोर ठेवली.

"कधी कळलं?"

"परीक्षा रद्द झाली त्याच आठवड्यात. कपाट आवरताना," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे प्रलंबित कधी काही नसतं. म्हणून उघडली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. चार महिने तुमच्या पाठीवर बोलतेय. वाचायला तुम्हाला येत होतं ना?"

काकांनी फाईल उघडली. फोटोतल्या काकू चांगल्या साडीत, किंचित हसत, सरळ समोर बघत होत्या. नवव्या रकान्याशी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. काकांनी ते अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, तर शाईसुद्धा जराशी पसरली. आता हा अर्ज कुठेच पाठवता येणार नव्हता. खिडकी तीच होती, पण वर्ग नव्हता, मॅडम नव्हत्या, आठ माणसं नव्हती.

"मी उद्या त्या क्लार्ककडे जातो," काका म्हणाले. "त्याच्या साहेबांना लिहून देतो. मॅडमनाही सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"सांगा," काकू म्हणाल्या.

"आणि तुला..." काकांना मराठीत शब्द सापडेना. एवढ्या वर्षांत या घरात तो कधी लागलाच नव्हता. म्हणजे लागला असेल, पण काकांनी कधी काढला नव्हता. शेवटी जो एक शब्द त्यांनी दोन आठवडे रोज सकाळी घोकला होता तोच तोंडात आला.

"सलिखा," काका म्हणाले.

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी काकांकडे नीट पाहिलं.

"जिभेने म्हणालात. घशातून."

काकांनी श्वास घेतला. "सलिख्खा."

कठड्यापलीकडून औषधवाल्यांचा आवाज आला, "काका, खोकला परत आला वाटतं! बाटली देऊ का?"

काकूंनी हात लांबवून खिडकी लावली.

"पुन्हा," काकू म्हणाल्या.